योगदानातलं घर

पासाडेना,
शनिवार, ११ फेब्रुवारी १९८९

चि. निकानोरास,
अंपारोताईचे अ. उ. आ.

आणि वर तू मला फोनवर सांगतोस की घाबरण्यासारखं काही नाही! तुला काय जातंय फ्रेस्नोत बसून सांगायला? पुढचं ऐकायच्या आत तुझ्या ब्रिहिदाने जेवायला हाक मारली आणि तू फोन ठेवलास. भूक तुझी मोठी शहाणी, नेमकी कामाच्या वेळेला लागते. म्हणून आता लिहिते आहे. लिहिलेलं ऐकू आलं नाही असं म्हणता येत नाही. माझं अक्षर असं आहे, ते असंच राहणार. सहावीतून काढून अक्रोड वेचायला पाठवलं तेव्हा कुणी माझ्या अक्षराची काळजी केली नव्हती. लागत नसेल तर बायकोकडून वाचून घे.

तर मंगळवारी शाळेच्या स्वयंपाकघरातून घरी येते तो समोरच्या फुटपाथवर एक बाई उभी. डोक्यावर गवती टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात फळी आणि फळीवर कागद. आपल्या घराचा फोटो काढत होती. आधी पुढून काढला, मग धुराड्याचा, मग वाकून छपराच्या वळचणीखाली बाहेर आलेली लाकडांची टोकं बघून काहीतरी लिहिलं. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि झाडू घेऊन गेले. ती घाबरली नाही, हे मला जास्त लागलं. गोड बोलली. नगरपालिकेसाठी या भागातल्या जुन्या घरांची पाहणी चालली आहे म्हणाली, आणि एक कागद देऊन शेजारच्या घराकडे वळली.

कागद मी समोरच्या ओस्टरगार्डबाईंकडे नेला. पियानो शिकवायच्या त्या. आता विद्यार्थी नाहीत, पण शिकवायची सवय गेलेली नाही. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि टाळी वाजवली. म्हणे आपल्या गल्लीला वारसा म्हणून जपणार आहेत. म्हणे आपलं घर क्राफ्ट्समन पद्धतीचं आहे, जुन्या हातकारागिरीचं, साधं, पण अस्सल. मी म्हटलं, दोन खोल्या, एक न्हाणीघर, घरापेक्षा पडवी मोठी, आणि छप्पर इतकं खाली की डोळ्यांवर टोपी ओढून झोपलेला म्हातारा वाटावा, याला वारसा म्हणत असतील तर माझ्या चपलांनाही म्हणा. त्या हसल्या. मग त्यांनी बोट ठेवून आपल्या घरापुढे काय लिहिलं आहे ते वाचून दाखवलं. लिहिलं होतं, योगदान देणारं घर.

निको, तोच शब्द.

तू तेव्हा सैन्यात होतास, तुला ती सभा ठाऊक नाही. चर्चच्या तळघरात आम्ही सगळे खुर्च्या घेऊन बसलो होतो. नवीन मोठा रस्ता येणार होता. तो सरकारी माणूस नकाशावर काठी फिरवत म्हणाला होता की या रेषेत येणारं प्रत्येक घर म्हणजे त्या कुटुंबाचं शहराच्या प्रगतीला योगदान आहे. बाबांना वाटलं, मान दिला. न्हाव्याकडे जाऊन सांगून आले की आमचंही योगदान आहे म्हणून. मग दारावर खडूने आकडा पडला, मग यंत्र आलं, आणि बाबांचं घर गेलं, गल्ली गेली, ज्या तळघरात आम्ही बसलो होतो तेसुद्धा गेलं. योग त्यांचा आणि दान आमचं. भरपाई म्हणून जे हातावर टेकवलं त्यात हे बुटकं घर आलं. आता आई गेल्यापासून त्याच्या कागदावर आपल्या दोघांचं नाव आहे, म्हणून तुला विचारते. नाही तर विचारलं नसतं.

काय करू ते लिही. फोनवर नको, तू फोनवर सगळ्याला हो म्हणतोस.

ब्रिहिदाच्या गुडघ्याला मेंढीच्या चरबीचं मालीश कर म्हणावं. कळावे, मुलांना गालगुच्चे, तुला एक टपली.

तुझी ताई,
अंपारो

—

फ्रेस्नो,
रविवार, १९ फेब्रुवारी १९८९

ती. अंपारोताईस,
निकानोरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ब्रिहिदाने मोठ्याने वाचलं. झाडूपर्यंत आली आणि इतकी हसली की तव्यावरची टॉर्टिया करपली. ती मला खावी लागली. म्हणजे तुझ्या रागाची शिक्षा इथेही मीच भोगतो.

ताई, तो रस्ता पुन्हा येणार नाही. एकाच गावातून किती रस्ते काढतील? पण तू घाबरलीस हे मी हसण्यावारी नेत नाही. तो शब्द मलाही आवडला नाही. कागदावर आपलं नाव चढलं की पुढे काय होतं ते आपल्या घराइतकं कुणाला माहीत? माझं ऐकशील तर त्या बाईंना सरळ सांग की आमचं घर त्यात घालू नका. ऐकलं नाही तर मग आईची युक्ती. आई तान्ह्या पोराच्या मनगटाला लाल दोरा बांधायची, देखणं असलं की जास्तच घट्ट. तुझ्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यालाही एखादी तीट लाव. कुरूप घराला कुणाची नजर लागत नाही.

इकडचं म्हणशील तर मनुकांच्या कारखान्यात या वर्षी पाळ्या कमी केल्यात. माझी पाठ अधूनमधून बोलते. मागची खोली आम्ही साफ करून रंगवली आहे, पिवळा रंग, तुला आवडतो तो. कुणासाठी ते तुला कळतंय. आई होती तोवर ठीक होतं, आता तिथे एकटीने काय करतेस? भिंतींशी भांडतेस?

मी ईस्टरला येतो, मग सगळं बोलू. हॅलोरन नावाचे एक गृहस्थ घराविषयी विचारायला इथवर येऊन गेले, त्याबद्दलही तेव्हाच. चांगला माणूस वाटला. पोरांसाठी गोड पाव घेऊन आला होता.

काळजी करू नकोस. राग थोडा कमी, माया आहे तेवढी असू दे.

तुझा धाकटा,
निको

—

पासाडेना,
रविवार, १२ मार्च १९८९

चि. निकोस,
ताईचे अ. उ. आ.

तीट लावली. आता बघ कुणाची नजर लागते ते.

ओस्टरगार्डबाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की तिसऱ्या घराच्या टेरेल कुटुंबाला त्या यादीतून कसं वगळलं. त्या बिचाऱ्या सांगून मोकळ्या झाल्या, की टेरेलनी जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या, पडवीचे खांब झाकले, आता त्या घराचं मूळ रूप राहिलं नाही, म्हणून ते योगदान देत नाही असं लिहिलं. हे ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू. दुसऱ्या दिवशी चानो मिस्त्रीला बोलावलं. तुझ्याबरोबर बेसबॉल खेळायचा तोच, आता पोट सुटलंय. त्याने पुढच्या सगळ्या खिडक्या चौकटीसकट काढल्या, त्या वरच्या बारीक चौकोनी काचांच्या, ज्या पुसताना आई शिव्या द्यायची. त्या जागी सरकत्या बसवल्या. उघडताना मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारख्या ओरडतात. पडवीच्या खांबांचे ते नदीतले गोल धोंडे आणि धुराडं मी स्वतः रंगवलं. गुलाबी. दुकानात तोच डबा उरला होता. पडवीतला तांब्याचा दिवा जुन्या सामानवाला कधीपासून मागत होता, त्याला देऊन टाकला. तो इतक्या घाईत उचलून घेऊन गेला की मला वाटलं, गाडीत बसून हसत असेल.

रंग लावून झाला आणि समोर जाऊन बघितलं. खरं सांगते, घर लाजल्यासारखं दिसत होतं. पण मी म्हटलं, लाजू दे, उभं तर राहील.

ओस्टरगार्डबाई रस्ता ओलांडून आल्या, बघत राहिल्या आणि फुटपाथच्या कडेला खाली बसल्या. रडल्या. मला वाटलं, वय झालं. पाणी दिलं, प्याल्या नाहीत.

इथपर्यंत मी खूश होते. पुढचं मात्र नीट वाच.

काल तुझा तो हॅलोरन आला. चकचकीत बूट, टोपी हातात, मोडक्या स्पॅनिशमध्ये मला सेन्योरा म्हणाला. घराभोवती फिरला. गुलाबी खांबावर हात ठेवून त्याने माझं कौतुक केलं. म्हणाला, फार छान काम केलंत, आता या घराची यादीत अडचण राहिली नाही. कसली अडचण, कोणाला अडचण, ते मी विचारलं तर नुसता हसला. आपल्या दोन्ही बाजूंची घरं त्याने घेतली आहेत, निको. ॲबरनाथींचं आणि त्या शिक्षकांचं, दोन्ही. माणसं कधी गेली तेही कळलं नाही, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. आणि जाताना त्याने ब्रिहिदाच्या गुडघ्याची चौकशी केली. नाव घेऊन.

कुणी आपल्या घराच्या कुरूपपणावर एवढा खूश झाला तर समजावं की आपलं काहीतरी गेलं आहे. काय गेलं ते मला कळत नाही. तुला कळत असावं. मी कालपासून दाराला कडी लावून भाजी चिरते आहे, असं मी कधी केलं होतं का?

त्याच्याबरोबर तुझं काय बोलणं झालं ते सगळं लिही, गोड पाव सोडून. ईस्टरची वाट बघायला लावू नकोस.

माया आहे, पण ती आता थोडी थरथरते आहे.

अंपारो

—

फ्रेस्नो,
सोमवार, २० मार्च १९८९

ती. ताईस,
निकोचा सा. न. वि. वि.

तीट म्हणजे मी थट्टेने लिहिलं होतं, ताई. तू खरोखर रंगाचा डबा आणशील हे मला कळायला हवं होतं. पन्नास वर्षं तुला ओळखतो.

आता तू चिडशील, तरी सगळं लिहितो. हॅलोरनला तिन्ही जागा मिळून चार मजली इमारत उठवायची आहे. मधली जागा आपली. ती नसेल तर त्याचं जमत नाही. त्याला भीती एकच होती, ती त्या वारशाच्या यादीची. योगदान देणारं घर असं एकदा ठरलं की ते सहजी पाडता येत नाही. तू जे वाचून घाबरलीस ते कुलूप होतं ताई, आणि ते तू स्वतःच तोडून त्याच्या हातात दिलंस. त्याने मला फोन करून सांगितलं तेव्हा तो इतका आनंदात होता की मलाच कसंतरी झालं.

मी सही केलेली नाही. हे आधी वाच, मग बाकीचं वाच. पण करायचीच नाही असंही मी ठरवलेलं नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

ओस्टरगार्डबाई वारसा म्हणतात. कुणाचा? आयोवाहून आलेल्या कुठल्या दातांच्या डॉक्टरने हिवाळ्यात ऊन खायला ते बांधलं. आपण तिथे पोचलो ते आपलं जुनं घर जमीनदोस्त झालं म्हणून. सैन्यातून परत आलो तेव्हा मी आपल्या जुन्या गल्लीच्या पत्त्यावर गेलो होतो. माझ्या डोळ्यांपुढून गाड्या सुसाट जात होत्या. आपला वारसा त्या काँक्रीटखाली आहे. बाबा या नव्या घरात शेवटपर्यंत पाहुण्यासारखे वावरले, पडवीच्या पायरीवर टोपी काढून ठेवायचे, आठवतं? अशा घराचा मला लोभ कसा वाटावा? माझी पाठ गेली, पाळ्या गेल्या, आणि तू तिथे एकटी. रात्रीबेरात्री पडलीस तर मला कोण सांगणार? ओस्टरगार्डबाई? त्यांना स्वतःला ऐकू येत नाही.

इथे ये. खोली पिवळी आहे. पोरं तुझी वाट बघतात, तुझ्या शिव्यांची जास्त.

ईस्टरला येणं जमेल असं वाटत नाही. तुझ्यासमोर बसून हे बोलायचा धीर होत नाही, हे खरं कारण.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस, एवढं मागतो.

निको

—

पासाडेना,
रविवार, २ एप्रिल १९८९

चि. निकोस,
आशीर्वाद आहेत. मोजून देत नाही, पण आज उरकून टाकते, कारण सांगायचं फार आहे.

ईस्टर गेला. तुझ्या वाटणीचं पुडिंग चानो खाऊन गेला. तुझ्या पत्रानंतर मी एक दिवस कुणाशी बोलले नाही, शाळेत पोरांना सूप वाढताना सुद्धा नाही. पोरं घाबरून सगळं सूप प्याली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी रंगाच्या ब्रशने करून दाखवलं, हे मला कळलं, आता ते तू पुन्हा सांगू नकोस.

मग ती गवती टोपीवाली बाई शोधायला गेले. इवामोटोबाई नाव तिचं, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते. या वेळी झाडू नव्हता. मी तिला सरळ विचारलं की योगदान म्हणजे काय, आणि लहान पोराला सांगतात तसं सांगा म्हटलं. ती म्हणाली, ज्या घरामुळे गल्ली गल्लीसारखी दिसते, ते घर योगदान देतं. काही देऊन टाकायचं नसतं. आहे तिथे, आहे तसं उभं राहायचं, तेवढंच. मी खुर्चीवर बसले. इतका साधा अर्थ, आणि तो सांगायला एवढा भयंकर शब्द? मी तिला चर्चच्या तळघराची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की पुढच्या वेळी ती आधी दार वाजवेल आणि मग फोटो काढेल. मला ती आवडली.

आता काम काय ते ऐक. अंतिम यादी व्हायच्या आधी ती माणसं एकदा पुन्हा बघायला येणार आहेत. घर मूळ रूपात आणलं आणि मालकांनी आम्हाला यादीत राहायचं आहे असं लिहून दिलं, तर ते आपलं नाव परत घालायचा विचार करतील. विचार करतील, म्हणाली. नक्की म्हणाली नाही. आणि मालक म्हणजे कागदावर ज्यांची नावं आहेत ते सगळे.

खिडक्यांसाठी मी चानोकडे गेले. त्याने आपल्या खिडक्यांचं काय केलं असेल? कोंबड्यांचं खुराडं! बारीक चौकोनी काचांमागे बसून कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या, मोठ्या घरच्या बायकांसारख्या. चानो म्हणे त्या तिथे बसल्यापासून अंडी जास्त देतात, आता कसं काढू. मी त्याला काय म्हटलं ते लिहीत नाही, तुझ्याकडे पोरं पत्र वाचतात. खिडक्या परत बसल्या. एका चौकटीला कोंबडीने चोच मारली आहे, ती तशीच राहू दिली. तांब्याचा दिवा मात्र गेला, सामानवाला आता म्हणतो की तसा दिवा त्याने कधी पाहिलाच नाही.

गुलाबी रंग निघता निघत नाही. तारेच्या ब्रशने घासते आहे. ओस्टरगार्डबाई हातमोजे घालून मदतीला आल्या. पियानोची बोटं ती, एक धोंडा घासायला त्यांना सकाळ लागते. मला म्हणाल्या, धोंड्याने तुझा अपमान केल्यासारखी घासतेस. मी म्हटलं, तुम्ही त्याला थोपटून झोपवताय, त्यापेक्षा बरं. खालून रंग निघाला की एक धोंडा निळसर निघतो, एक तांबूस, एक करडा. इतकी वर्षं त्यांना टेकून बसले, कधी बघितले नव्हते.

तू विचारलंस, कुणाचा वारसा. हा प्रश्न मी टाळणार नाही. दातांच्या डॉक्टरने बांधलं असेल. बांधून तो कुठे गेला? घर कुणी बांधलं ते काय विचारतोस, कुणी झाडलं ते विचार. ती पडवी आईने झाडली, मी झाडली. दर नाताळात तिच्या रुंद कठड्यावर पातेली मांडून गल्लीतल्या बायका मक्याच्या पिठाचे तमाले वळायच्या. ऑगस्टच्या उकाड्यात पंख्याशिवाय झोप लागते ती त्या खाली आलेल्या छपराने, ज्याला मी टोपी म्हणून हसते. आणि बाबा पायरीवर टोपी काढून ठेवायचे ते पाहुणे म्हणून नव्हे रे. तू महिन्यातून एकदा यायचास, तुला ते तेवढंच दिसायचं. टोपी काढून ते आत जायचे नाहीत, तिथेच बसायचे, अंधार होईपर्यंत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. जुन्या घराला पायरीच नव्हती बसायला. मी बाबांची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही, मी तिथे होते म्हणून सांगते.

तुझी पाठ मला कळते. एकटेपणही कळतं, मी काही भिंत नाही. पण पिवळ्या खोलीत मी कोण असणार? निकोची बहीण, कोपऱ्यात बसलेली. इथे मी अंपारो आहे, माझी सगळी गल्ली मला घाबरते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोमवारी ॲबरनाथींचं घर पाडलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी कॉफी ठेवली होती आणि कपाटातली भांडी वाजायला लागली. मला वाटलं, भूकंप. मग तो आवाज ओळखला. निको, तो आवाज माणूस विसरत नाही. मी बाहेर गेले नाही. दाराच्या चौकटीत उभी राहिले, दोन्ही हातांनी चौकट धरून, जणू मी सोडली तर तीही जाईल. त्यांचं घर आपल्यासारखंच होतं, तीच वळचण, तशाच लाकडांची टोकं. यंत्राने छपरावर नुसता हात टेकवला आणि ते बसलं, म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसं. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिथे नुसतं आकाश उरलं. आपल्या घराच्या त्या बाजूला कधी ऊन येत नव्हतं. आता ते सरळ आईच्या खोलीत येतं, तिच्या पलंगावर पडतं. मी पडदा लावला आहे. मला ते ऊन नको आहे.

संध्याकाळी हॅलोरन कुंपणाशी आला. घासलेले धोंडे आणि परत आलेल्या खिडक्या बघून त्याचं हसू गेलं होतं. आवाज मात्र तसाच गोड. म्हणाला, अर्धं घर म्हणजे घर नव्हे, सेन्योरा. तुमच्या भावाने त्याचा अर्धा वाटा मला विकला तर कोर्ट पूर्ण घर विकायला लावेल, मग तुमच्या खिडक्या कुठल्याही असू देत. आणि म्हणाला की तेरा तारखेला, गुरुवारी, तो कागद घेऊन तुझ्याकडे येतो आहे, आणि तू त्याला ये म्हटलं आहेस.

तू त्याला ये म्हटलंस, हे त्याच्या तोंडून मला कळावं?

त्या रात्रीपासून मी जेवते, घासते, कामाला जाते, पण भांडं जरी वाजलं तरी हात थांबतात. शाळेत ट्रे पडला तर मी भिंत धरली, मुख्य आचारी म्हणाली घरी जा. बाबांच्या वेळी निदान परका माणूस काठी घेऊन आला होता. या वेळी काठी माझ्या भावाच्या हातात आहे, आणि तो ती खाली ठेवत नाही, उचलतही नाही. याचीच मला जास्त भीती वाटते. तू मला नाही म्हणालास तर मी रडेन, भांडेन, वकील शोधेन. हो म्हणालास तर उद्यापासून नीट झोपेन. पण तू गप्प आहेस, आणि गप्प माणसापुढे माझं काहीच चालत नाही.

यासोबत इवामोटोबाईंनी दिलेला कागद आहे. माझी सही झाली आहे, खाली तुझी जागा रिकामी आहे. करायची असेल तर करून टपालात टाक. करायची नसेल तर कागद कोरा परत पाठव आणि त्यावर नाही म्हणून लिही, तुझ्या हाताने, ब्रिहिदाच्या नको. हॅलोरन गुरुवारी येणार, म्हणून तुझं उत्तर माझ्या हातात बुधवारी, बारा तारखेला पडलं पाहिजे. नंतर आलेलं मी उघडणार नाही, कारण तोवर तू त्याला काय दिलंस ते मला ठाऊक झालेलं असेल.

बाकी सगळं तुला कळतंच. लोभ असो वा नसो, बुधवारपर्यंत उत्तर असावे.

तुझी ताई,
अंपारो